त्रास नाही

अक्काचं बाळ गेलं त्या दिवशी सानिकाने सगळी कामं नीट केली.

चौतिसावा आठवडा होता. सकाळपासून पोटात हालचाल जाणवेना म्हणून अक्का आणि दाजी मिरजेतल्या दवाखान्यात गेले आणि अर्ध्या तासाने दाजींचा फोन आला. "सानिका, ये," एवढंच ते म्हणाले. सानिका लगेच पोचली. तिने अर्ज भरले, रक्ताची पिशवी लागली तर सोय करून ठेवली, शिरोळला आई-अप्पांना कळवलं, अप्पांच्या गोळ्या बरोबर घ्यायची आठवण करून दिली. दाजी भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते, त्यांना चहा आणून दिला. मधल्या वेळात कँटीनमध्ये जाऊन स्वतः दोन प्लेट पोहे खाल्ले, कारण सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

संध्याकाळी पुरुषमाणसं बाळाला पुरून आली. तोवर सानिकाने अक्काच्या घरी जाऊन लंगोट, दुपटी, लोकरीची टोपडी असं सगळं एका खोक्यात भरलं आणि चिकटपट्टी लावून माळ्यावर टाकलं. नंतर शोधावं लागू नये म्हणून खोक्यावर स्केचपेनने 'बाळ' असं लिहिलंसुद्धा.

तिसऱ्या दिवशी अक्का घरी आली. सानिका आठवडाभर तिथे राहिली. डबा, औषधं, भेटायला येणारी माणसं, सगळं तिने सांभाळलं. आठव्या दिवशी अक्का म्हणाली, "तू खूप केलंस गं. आता जा तू."

सानिका गेली. त्यानंतर चार महिने अक्काचा फोन आला नाही आणि ही गोष्ट सानिकाच्या ध्यानातही आली नाही.

पूर्वी असं झालं नसतं. अक्का तिच्याहून अकरा वर्षांनी मोठी. अकरावीला सानिका शिरोळहून मिरजेला शिकायला आली ती अक्काच्याच घरी. तेव्हा तिच्या तोंडावर बोट ठेवायला जागा नव्हती. साधे मुरूम नव्हेत, गालांवर आणि हनुवटीखाली हरभऱ्याएवढ्या गाठी. रात्री कूस बदलली की एखादी फुटायची आणि अभ्र्यावर डाग पडायचा. अक्का ते अभ्रे स्वतः धुवायची, आईच्या कानावर जाऊ द्यायची नाही. मलमं झाली, गोळ्या झाल्या, कुणी सांगितलं म्हणून दूध सोडून झालं. कॉलेजच्या ग्रुप फोटोत सानिका कायम मागच्या रांगेत, कुणाच्या तरी खांद्याआड.

चोविसाव्या वर्षी तिने पुडी घेतली.

पुडीचं खरं नाव 'निर्मला' होतं, पण सगळे पुडीच म्हणायचे. ताकात मिसळून घ्यायची पांढरी पूड. तिच्यात औषध असं काही नव्हतं, होते ते जिवंत जिवाणू, प्रयोगशाळेच्या भाषेत 'एल-४१'. चांगल्या जिवाणूंनी मुरूम बरे होतात ही कल्पना तशी जुनी. वीस-तीस वर्षं तिच्यावर अभ्यास होत होते, पण कुठे वीस रुग्ण, कुठे चाळीस, प्रत्येकाचा जिवाणू वेगळा, मात्रा वेगळी, आणि बारा आठवड्यांत सगळं संपलेलं. थोडा गुण येतो असं दिसायचं, पण छातीठोक कुणाला सांगता यायचं नाही. शिवाय ते जिवाणू पाहुण्यांसारखे असायचे. खाणं थांबवलं की आठ-दहा दिवसांत पोटातून निघून जायचे.

एल-४१ राहायला आला होता. तीन महिने पुडी घेतली की तो आतड्याच्या अस्तरात घर करायचा आणि मग पुन्हा घ्यावी लागायची नाही. त्याचं काम चालायचं लांबून. माणसाला ताण आला की शरीरात काही संप्रेरकं वाढतात, ती कातडीतल्या तेलग्रंथींना चेव आणतात, तेल साचतं, सूज येते, मुरूम उठतो. आतड्यापासून मेंदूपर्यंत एक लांब चेता, म्हणजे मज्जातंतू, जाते. एल-४१ त्या चेतेजवळ असं काही रसायन सोडायचा, की ताणाची ही सगळी साखळी वरूनच मंद व्हायची. आठशे रुग्णांवर चाचणी झाली. सहा महिन्यांत सत्तर टक्के मुरूम कमी. पुडीला परवानगी मिळाली.

सानिकाचा चेहरा पाच महिन्यांत स्वच्छ झाला. खड्डे राहिले, पण नवीन काही उठेना. त्याच वर्षी तिला मिरजेच्या एका त्वचारोग केंद्रात नोकरी लागली. पुडी बाजारात आल्यानंतरही ती घेतलेल्या माणसांवर पाच वर्षं लक्ष ठेवायचं होतं, आणि साडेतीनशे माणसांची ती नोंद सानिकाकडे होती. ती त्यांना बोलवायची, ठरावीक उजेडात चेहऱ्याचे फोटो काढायची, मुरूम मोजायची आणि फॉर्म भरायची. फॉर्मचा चौदावा प्रश्न होता, 'पुडी घेतल्यापासून काही त्रास?' पहिल्या काही आठवड्यांत पोट फुगल्याच्या तक्रारी असायच्या. पुढे साडेतीनशे जणांचं एकच उत्तर: नाही.

एका सोमवारी दुपारी मालगावहून सुशीला गुरव नावाच्या बाईंचा फोन आला. त्यांची मुलगी प्राजक्ता या नोंदीत होती. वीस वर्षांची, जिल्ह्याच्या संघातून खो-खो खेळणारी.

"ताई, तुमी पोरीला इचारता काय त्रास हाय का, ती न्हाई म्हनती," सुशीलाबाई म्हणाल्या. "मला कुनी इचारलंच न्हाई, म्हनून मीच फोन केला."

"सांगा ना."

"परवा कढईतल्या तेलानं पेट घेतला. मी सोप्यात बसलेली. पोरगी आतनं आली, म्हनली, आई, सैपाकघरात आग लागलीया. आनि माझ्या शेजारी बसून मोबाइल बघाय लागली."

"कुणाला लागलं का?"

"न्हाई. मी गोणपाट टाकून इझवलं. पन ताई, तिचा आवाज. दूध उतू गेलंय म्हनावं तसा. आधी ही पोरगी झुरळ दिसलं तर घर डोक्यावर घ्यायची. आता खेळाय जाईत न्हाई. हरली काय, जिंकली काय, तिला सारखंच. म्हनून सोडलं."

सानिकाने तारीख घातली, मजकूर लिहून घेतला. हे चौदाव्या प्रश्नात बसत नव्हतं, म्हणून तिने समासात लिहिलं. मग ती कागदाकडे बघत बसली. लिहिलेलं तिला विचित्र वाटलं नव्हतं. आग लागली, मुलीने सांगितलं, आग विझली. यात आईला एवढं काय झालं, हेच तिला आधी कळेना. ते कळत नाहीये हे तिच्या लक्षात आलं तेव्हा तिने हिशेबाने विचार करायला सुरुवात केली. आपल्याला अक्काचा शेवटचा फोन कधी आला होता? मोबाइलमध्ये बघितलं. एकशे एकोणीस दिवस झाले होते.

केंद्राचे प्रमुख डॉ. नंदकुमार शेटे हे साठीला आलेले, मोजकं बोलणारे गृहस्थ. सानिकाने त्यांच्यासमोर प्रश्न मांडला. एखाद्या औषधाचा त्रासच असा असेल, की त्याने माणसाला त्रास वाटेनासा होतो, तर तो आपल्या फॉर्ममध्ये कधी दिसेल?

डॉक्टरांनी चष्मा काढला. "पण दुसरीही शक्यता आहे. वर्षानुवर्षं विद्रूप वाटणारा चेहरा बरा झाला की माणूस बदलतोच. बाहेर पडतो, घरच्यांचं ऐकत नाही. घरचे म्हणतात, हा तुटक झाला. त्यात पुडीचा काय दोष?"

"मग चेहरा बरा झालेले, पण पुडी न घेतलेले रुग्ण घेऊ. नेहमीच्या गोळ्यांनी बरे झालेले. दोन्हीकडच्या घरच्यांना एकच प्रश्न विचारू."

"आणि कोण कुठल्या गटातला हे तुला माहीत असता कामा नये."

"यादी कालिंदीकडून मिसळून घेते," सानिका म्हणाली. कालिंदी त्यांची प्रयोगशाळा सांभाळायची.

तीन आठवडे सानिका फोन करत होती. एकशे वीस घरं, साठ पुडीची, साठ गोळ्यांची. प्रश्न एकच: 'गेल्या दोन वर्षांत तुमच्या माणसाच्या वागण्यात काही फरक पडलाय का?' उत्तरं ती शब्दशः उतरवून घ्यायची. सांगलीच्या एका बाई म्हणाल्या, माझा नवरा आता भांडत नाही, पहिल्यांदा बरं वाटलं, आता मीच भांडण उकरून काढते. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, नातू लग्नाला तयार झाला, मुलगी बघायलाही न जाता. कुणी म्हणे, कुत्रं मेलं तेव्हा कळलं. बोलता बोलता काहीजण रडले. सानिका त्यांचं रडणं थांबेपर्यंत थांबायची आणि पुढचं लिहायची.

मग कालिंदीने यादी उघडली. गोळ्यांच्या साठांपैकी आठ घरांनी फरक पडल्याचं सांगितलं होतं. पुडीच्या साठांपैकी त्रेचाळीस घरांनी.

डॉ. शेट्यांनी कागद दोनदा वाचला. त्यांच्या मुलालाही त्यांनीच पुडी दिली होती, हे केंद्रात सगळ्यांना ठाऊक होतं. तो मुंबईला सर्जरी शिकत होता.

"मला विचार," ते म्हणाले.

"काय, सर?"

"जे सगळ्यांना विचारलंस तेच."

सानिकाने कोरा कागद पुढे ओढला. "गेल्या दोन वर्षांत तुमच्या माणसाच्या वागण्यात काही फरक पडलाय का?"

डॉक्टरांनी हातातला कागद पालथा ठेवला. मग म्हणाले, "पूर्वी फोन संपवताना दोनदा विचारायचा, बाबा, ठेवू का? बाबा, ठेवू?"

"आणि आता?"

"आता ठेवतो."

तिने लिहिलं. त्यांनी अहवालावर सही केली आणि तो त्याच दिवशी औषध नियंत्रकांकडे गेला. जाताना त्यांनी विचारलं, "तुझ्या फॉर्मवर घरचं माणूस म्हणून कोणाचं नाव?"

रविवारी सकाळी सानिका अक्काच्या घरी गेली. दाजींनी दार उघडलं, चहा टाकतो म्हणून आत गेले. अक्का गॅलरीत मेथी निवडत बसली होती. सानिका समोर बसली आणि आपलं येण्याचं कारण तिने सरळ सांगितलं: पुडी, आतडं, ती चेता, त्रेचाळीस घरं. अक्का ऐकत होती, हात चालू होते.

"मग तुला मला विचारायचंय?"

"हो."

"विचार."

सानिकाने विचारलं.

"त्या दिवशी मला कळा सुरू केल्या होत्या," अक्का म्हणाली. "मेलेलं बाळ असलं तरी कळा द्याव्याच लागतात, हे मला माहीत नव्हतं. तू दाराबाहेर होतीस. तुझा फोन वाजला, आणि तू कुणाला तरी सांगितलंस, सोमवारी अकरा वाजता या, येताना चेहऱ्याला काही लावू नका. जशी रोज सांगतेस तशी. आत मी ओरडत होते, ते त्या माणसालाही ऐकू गेलं असेल." ती थांबली. "तुझं काही चुकलं असं म्हणता येत नाही. प्रत्येक गोष्ट केलीस तू. पण त्या आठ दिवसांत मला वाटायचं, ही बाई कोण आहे घरात?"

सानिका लिहीत होती.

"लिहून घेतलंस?"

"हो."

अक्काने जुडी खाली ठेवली. तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसतही होती. सानिकाला दोन्ही दिसत होतं.

"काढता येतं का ते पोटातून?"

"जिवाणू मारायच्या चौदा दिवसांच्या गोळ्या आहेत. बहुतेकांच्या पोटातून जातो. पण चेहरा पुन्हा पहिल्यासारखा होईल."

"आणि हे? हे परत येतं?"

"माहीत नाही. कुणी पाहिलेलं नाही अजून."

"तुला काय पाहिजे?"

"मला काही पाहिजे असं वाटतच नाही. म्हणून तू सांग. तू सांगशील तसं करते."

"मी नाही सांगणार," अक्का म्हणाली. "ते अभ्रे मी धुतलेत, सानू. तुझा चेहरा बिघडव, असं माझ्या तोंडून वदवून घेऊ नकोस."

दाजी चहा घेऊन आले. तिघांनी तो प्यायला. मेथीला पुन्हा कुणी हात लावला नाही.

सानिकाने निर्णय घेतला तो दुसऱ्या दिवशी कामावर, एखाद्या रुग्णाची फाइल वाचावी तशी स्वतःची वाचून. वजनकाटाच बिघडला असेल तर त्याच्यावर आलेला आकडा पुराव्यात धरत नाहीत. 'त्रास नाही' हे तिचं स्वतःबद्दलचं मत त्याच काट्यावर आलेलं होतं. ते वगळलं की फाइलमध्ये एकच नोंद उरत होती, अक्काची. तिने गोळ्या सुरू केल्या. चौदा दिवस, सकाळ-संध्याकाळ. तोंडाला धातूची चव यायची. महिन्याने कालिंदीने तपासणी केली, एल-४१चा मागमूस नव्हता.

दरम्यान सरकारने पुडीची नवी विक्री थांबवली आणि घेतलेल्या सगळ्यांना पत्रं गेली. हवं असेल त्याने गोळ्यांचा उपचार करून घ्यावा, सक्ती नाही. सानिकाच्या साडेतीनशेपैकी एकतीस जण आले. त्यांतले बहुतेक घरच्यांनी हाताला धरून आणलेले. बाकीच्यांना तिने फोन केले. सगळे नीट बोलले. आम्ही बरे आहोत, म्हणाले.

सुशीलाबाई प्राजक्ताला घेऊन आल्या. मुलीचा चेहरा नितळ होता. ती खुर्चीत शांतपणे बसली आणि आईने पदर डोळ्यांना लावला तेव्हा तिने पर्समधून रुमाल काढून तिच्या हातात दिला.

"ताई, तुमीच सांगा हिला," सुशीलाबाई म्हणाल्या.

"मी गोळ्या घेतल्या," सानिका प्राजक्ताला म्हणाली. तिच्या जबड्यावर तेव्हा पहिल्या तीन गाठी उठल्या होत्या.

प्राजक्ताने त्या नीट पाहिल्या. "मग आता वेगळं वाटतं?"

"अजून नाही."

"मग मी कशाला घेऊ?"

"तुझ्या आईसाठी," असं सानिका म्हणाली. मुलीने विचार केला आणि, "तिला सवय होईल," म्हणाली. द्वेषाने नव्हे, तिला तसं दिसत होतं म्हणून. मायलेकी गेल्या. सानिकाने फॉर्मवर 'उपचारास नकार' लिहिलं.

पुढचे महिने तसेच गेले. चेहरा भरत गेला, बसमध्ये शेजारचं माणूस पटकन नजर वळवायला लागलं, भाजीवालीने कडुनिंबाचा पाला लावायला सांगितला. रात्री कुशीवर झोपता येईना. दुखायचं ते गालाला, त्याच्या आत काही पोचायचं नाही. दर रविवारी ती अक्काकडे जायची. ठरवलं होतं म्हणून जायची. अक्का हळूहळू बाळाबद्दल बोलायला लागली, त्याची नखं किती लांब होती, केस कसे दाट होते. सानिका ऐकायची. एकदा तिने सांगूनही टाकलं, "मला अजून काही होत नाही, अक्का." "ऐकतेस ना?" अक्का म्हणाली. "ऐक."

बाळाला जाऊन वर्ष झालं आणि अक्काला पुन्हा दिवस गेले. बाराव्या आठवड्याच्या सोनोग्राफीला दाजी आत येऊ शकले नाहीत. दवाखान्याच्या पायरीपर्यंत आले आणि तिथेच बसले. म्हणून आत सानिका गेली.

खोलीत अंधार होता. अक्का टेबलावर पडली. तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी पोटावर जेल लावलं आणि यंत्राचा दांडा फिरवायला सुरुवात केली. पडद्यावर करडं धुकं होतं. बाईंनी दांडा डावीकडे नेला, थांबल्या, पुन्हा मागे आणला, थोडा दाबला. बोलल्या नाहीत.

सानिकाला आधी वाटलं, खोलीत उकडतंय. तळहात ओले झाले होते. कानांत घूं आवाज सुरू झाला आणि पोटात, अगदी खाली, कुणीतरी मूठ आवळल्यासारखं झालं. बाई अजून बोलत नव्हत्या. पडदा दिसत होता, पण त्याच्याकडे बघवेना. या खोलीतून बाहेर पळावं, दाजींच्याही पलीकडे, रस्त्यापर्यंत पळावं असं वाटलं, आणि पाय हलेनात. ती टेबलाची कड धरून खाली बसली. नर्सने खांद्याला धरून तिला स्टुलावर बसवलं.

"हां, आता वळलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मघापासून पाठ करून बसलं होतं. हे बघा ठोके. छान आहेत." मग त्यांनी मागे पाहिलं. "ह्यांना काय झालं? पाणी द्या."

बाहेर बाकावर रिपोर्टची वाट बघत दोघी बसल्या. सानिकाचे दात वाजत होते. पाण्याचा पेला तिने दोन्ही हातांनी धरला होता, तरी पाणी सांडून ओढणी भिजली. सगळं ठीक आहे हे तिला माहीत होतं, ठोके तिने स्वतः ऐकले होते, पण पोटातली मूठ सुटत नव्हती. अजून सहा महिने होते. सहा महिन्यांत काहीही होऊ शकत होतं. हे तिला सकाळी घरून निघतानाही माहीत होतं, पण तेव्हा ते बसच्या वेळेसारखं होतं.

"अक्का, हे थांबत का नाही?"

"नाही थांबत लवकर."

"तू रोज असंच..."

"रोज."

सानिकाने पेला खाली ठेवला. ती रडायला लागली तेव्हा तिला आधी वाटलं, दुसरंच काही होतंय, कारण नाकातूनच पाणी आलं. गालावरच्या गाठींना मीठ झोंबलं.

"मला हे नकोय," ती म्हणाली.

"माहीत आहे," म्हणत अक्काने पर्स मांडीवर घेतली आणि बाकावर तिच्याजवळ सरकली. आतून नर्सने नाव पुकारलं. दोघींपैकी कुणीच लगेच उठलं नाही.